ताईंची सरकवणी

गुरुवार, १३ नोव्हेंबर. आजची कामं: नव्या संगणकावर नकाशाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकणे, पूर्णा गावाची फाइल उघडणे, उद्या सकाळी हद्दीच्या खुंट्या मारायच्या जागा काढणे.

ताई, पहिली दोन झाली. तिसऱ्यापाशी अडले, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. परवा तुमचं तेरावं झालं. श्रीधर घरात अजून हळू आवाजात बोलतो. बहीण गेली की माणूस असंच बोलत असेल, मी त्याला काही म्हणत नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण मला ‘नणंद गेली ना तुमची’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. नणंद गेल्यावर भावजयीचं सांत्वन कसं करायचं हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. शेवटी आज ऑफिस उघडलं. शेजारच्या कारखान्यात लूम चालू होते. त्या खडखडाटात कुणाला हळू बोलताच येत नाही, ते बरं वाटलं.

तुम्ही असतात तर नवी आवृत्ती आलीच नसती. “चालतंय ना? मग बोट लावू नकोस,” एवढंच तुमचं म्हणणं. पण तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा तुमचा संगणक बंद पडला तो पडलाच, आणि नव्यावर जुनं सॉफ्टवेअर बसेना. नाइलाजाने नवीन टाकलं. पूर्णा गावाची फाइल उघडली आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. जुन्या आवृत्तीने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती तुमचे आकडे गुपचूप घ्यायची आणि कामाला लागायची. नवी विचारते, की या नकाशाच्या डेटमवरून उपग्रहाच्या डेटमवर जायचं आहे, तर कोणत्या वाटेने जाऊ? खाली वाटांची यादी. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या मुलखासाठी आहे आणि किती मीटरपर्यंत भरवशाची आहे ते लिहिलेलं. सगळ्यांत वर एक भारदस्त ओळ, अख्ख्या देशासाठीची. सगळ्यांत खाली तुमची. नाव ‘कुमुद भिवंडी’. अचूकतेच्या रकान्यात: अननोन.

मला हसू आलं. तालुक्यातली निम्मी गावं जिला लांबून छत्रीवरून ओळखतात, तिला एक चौकट अननोन म्हणाली.

यात चूक चौकटीची नाही, तुमची आहे. कितीदा सांगितलं होतं, ताई, तो रकाना भरा. तुम्ही म्हणायचात, “स्वतःच्या पेपराला स्वतःच मार्क द्यायचे का? जो तपासेल तो लिहील.” आणि तपासणार कोण, असं विचारलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायचात. त्या बघण्याचा अर्थ मी ‘गप्प बस’ असा घेत आले.

डेटम म्हणजे काय, नकाशा काढताना पृथ्वीचा कुठला आकार धरला ते, हे तुम्हीच मला समजावलं होतंत, गणेशपुरीला. दिवसभर भाताच्या बांधांवरून फिरून पाय सुजले होते आणि आपण दोघी गरम पाण्याच्या कुंडाकाठी पाय सोडून बसलो होतो. मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला लागले. तुम्ही म्हणालात, “ते राहू दे. जुन्या मोजणीवाल्या साहेबांनी पृथ्वीला पोलकं शिवलं. हिंदुस्थानच्या अंगाला नेमकं बसेल असं. बाकीच्या जगाला ते होत नव्हतं, पण त्यांना बाकीच्या जगाशी काय करायचंय? मग उपग्रहवाले आले. त्यांनी सगळ्या जगाला मिळून एक गाऊन शिवला. फ्री साइज. चालतो सगळीकडे, अंगाबरोबर कुठेच बसत नाही. आतली बाई तीच. आता पोलक्याचं तिसरं बटण गाऊनवर नेमकं कुठे येतं, एवढं सांगणं म्हणजे आपला धंदा.” पलीकडे पाय सोडून बसलेल्या दोन आजीबाई उठून दुसऱ्या काठाला गेल्या. तुमच्या ते लक्षातही आलं नाही. तुम्ही ओल्या पायांनी फरशीवर बटणं काढून दाखवत होतात.

तेव्हापासून त्या कामाला आपण ‘सरकवणी’ म्हणायला लागलो. यादीतली सरकवणी सरासरीची असते, साऱ्या देशाच्या अंगावरून हात फिरवून काढलेली. तुमची भिवंडीपुरती, तीही गावागणिक वेगळी काढलेली. जुन्या नकाशावर आहेत आणि जमिनीवरही अजून शिल्लक आहेत अशा जागा शोधायच्या, त्यांवर जीपीएसचा दांडा उभा करायचा, आणि नकाशातला पत्ता व उपग्रहाचा पत्ता यांत किती अंतर पडतं ते बघायचं. पूर्णा गावासाठी तुम्ही चार जागा शोधल्या होत्या. देवळाचा चौथरा, तळ्याचा दगडी कोपरा, रस्त्याखालची जुनी मोरी, आणि शिवेवरचा मोजणीचा दगड. भांडण त्या चौथ्याचं.

पण आधी हिरूबाईचं. तिचं काम तुम्हीच घेतलं होतंत, तुम्हाला सांगायला नको, पण मांडलं की मला सुचतं. हिरूबाईच्या भाताच्या तुकड्याला लागून गोडाऊनचं कंपाउंड येणार आहे. हद्द जुन्या गावनकाशाप्रमाणे धरायची हे तिलाही मान्य, गोडाऊनवाल्यांनाही मान्य. नकाशाबद्दल वाद नाही. तो जमिनीवर कुठे उतरतो त्याचा आहे. आणि हद्दीला अगदी खेटून तिची विहीर आहे. विहीर सासऱ्याने खणली, नकाशा त्याच्याही आधीचा, त्यामुळे नकाशाला विहीर माहीतच नाही. यादीतली वरची ओळ घेतली तर विहीर गोडाऊनच्या भिंतीच्या आत जाते. तुमची घेतली तर हिरूबाईकडे राहते, पण जेमतेम. वरच्या ओळीपुढे अचूकता म्हणून जेवढे मीटर लिहिले आहेत ना, तेवढ्यात विहीर, तिचा कठडा आणि वाकून पाणी काढणारी हिरूबाई, सगळं मावतं. एका क्लिकची गोष्ट आहे. आणि भिंत एकदा उभी राहिली की ती मागे सरकवायला कोर्टात किती वर्षं जातात ते आपण दोघींनी बघितलंय.

दुपारी तिचा फोन आला. “बाय, उद्या येशील ना गं? ताई तं आता न्हाय.”

म्हटलं, येणार.

“ताईनं मना सांगलं व्हतं, तुजी हीर कुटं जात न्हाय. माज्या सासऱ्याची हीर हाय ती. पन ताईचा हिसोब तुला येतो का?”

“येतो,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला तो अर्धाच येतो.

थोड्या वेळाने गोडाऊनच्या साइटवरचे इरफानभाई. ते नेहमीप्रमाणे घाईत. “मॅडम, कल सुबह पक्का ना? जेसीबी खडा है.” मी त्यांना सांगितलं, की सॉफ्टवेअर नवीन आहे, सरकवणीचे पर्याय विचारतंय, एकदा बघावं लागेल. ते म्हणाले, “अरे मॅडम, जो सबसे ऊपर है वही ले लो ना. ऊपरवाला कभी गलत नहीं होता.” स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन फोन ठेवला. माणूस वाईट नाही. त्यांना विहीर नको आहे, त्यांना भिंत उद्या हवी आहे.

आता दगड.

तो दगड मुळात मोजणीचा. डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली. कुणीतरी कधीतरी त्याला शेंदूर लावला, मग दरवर्षी नारळ फुटायला लागला, आणि दगडाचा देव झाला. तुम्हाला ते फार आवडायचं. म्हणायचात, “आपल्या धंद्यातला एवढा एकच जण वर पोचला. आता तो हलायचा नाही. देवाला हात लावायची हिंमत आहे कुणाची?” त्यामुळे चारही जागांत तुमचा भरवसा त्याच्यावर सर्वांत जास्त.

आणि मग गोडाऊनचे कंटेनर वळेनात म्हणून रस्ता रुंद झाला. गावाने देवाला हलवलं. रीतसर हलवलं, कौल घेऊन, बँजो लावून, गुलाल उधळून, आणि एका ट्रकच्या रुंदीएवढा मागे नेऊन नव्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. तेव्हा तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होतात. मी तिथे होते. मी प्रसादाचा शिरा खाल्ला होता.

नवीन जीपीएस आल्यावर तुम्ही सगळ्या सरकवण्या पुन्हा काढायला घेतल्यात आणि आपण पूर्णा गावात गेलो. रस्ता रुंद झालेला, चिंच तोडलेली, ओळखीचं काही राहिलं नव्हतं, फक्त देव तेवढा ओळखीचा. तुम्ही थेट त्याच्याकडे गेलात. मी म्हटलं, “ताई, हा दगड धरू नका. देव हललाय.”

“देव हलतात का गं?”

“हा हलला. बँजो लावून नेला.”

“मग ही फुली काय?” तुम्ही अंगठ्याने शेंदूर खरवडून दाखवलीत. “ही बघ. डोक्यावर आहे अजून.”

“आहे ना. ती डोक्याबरोबर चालत गेली!”

गावातली चार माणसं उभी होती, ती हसली. तुम्ही नाही हसलात. “दांडा धर,” म्हणालात. मी धरला. देवाच्या डोक्यावर दांडा टेकवून मी तुमचं चुकीचं माप तुम्हाला घेऊ दिलं, कारण चारचौघांत तुमच्याशी त्याहून जास्त भांडायची रीत नव्हती. मग ऑफिसात भांडले. तुम्ही चहा मागितलात. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी थेट बोलणं बंद. दोघी एकाच खोलीत, आणि तुम्ही फोन करून म्हणायचात, “श्रीधर, तुझ्या बायकोला सांग, प्रिंटरमधला कागद संपलाय.” श्रीधर त्याच्या बँकेतून मला फोन करायचा. मी कागद घालायचे.

पुढे कधीही विषय निघाला की तुमचं एकच, “माझी सरकवणी बरोबर आहे.” दगड घेतला की सोडला, यावर अक्षर नाही. दवाखान्यातही मी विचारलं होतं. तुम्ही नर्सला सलाईनच्या बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावत होतात. मला म्हणालात, “तपासून घे.” ते नर्सला होतं का मला, हे आता कळायला मार्ग नाही.

तर ताई, अडलंय ते इथे. तुमच्या ओळीमागे चार जागा आहेत की तीन, ते तुमची ओळ सांगत नाही. आत फक्त शेवटचे आकडे आहेत. चारही असतील तर देवाची चूक तुमच्या सरकवणीत मुरलेली आहे, आणि विहिरीचं ‘जेमतेम’ खरं धरता येत नाही.

हे लिहिताना तुमचं काय काय आठवतंय. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, मोठ्या नणंदेला वन्सं म्हणायचं. घरात म्हणायचे. पण तुमच्याबरोबर पहिल्यांदा खाजणात उभी राहिले आणि लांबून ओरडले, “वन्सं, डावीकडे का उजवीकडे?” तेव्हा बांधावरच्या बायका हसून हसून खाली बसल्या. तुम्ही म्हणालात, “उद्यापासून ताई म्हण. वन्सं म्हटलं की मोजणीला आलो आहोत का ओटी भरायला, तेच कळत नाही.” आणि लगेच तोच आवाज, “दांडा सरळ धर गं, लग्नात नाही उभी!” माझ्या लग्नाला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

त्या खाजणात मी पोचले कशी, ते तर मी कुणाला सांगितलेलंच नाही. माझा सिव्हिलचा डिप्लोमा कपाटात साड्यांखाली होता. तुम्ही एकदा जेवताना पोळी उचललीत, सगळ्यांना दाखवलीत आणि म्हणालात, “आई, हिच्या पोळ्यांचे नकाशे होतात. ही स्वयंपाकघरात वाया चालली आहे. मी घेऊन जाते हिला.” सासूबाई म्हणाल्या, “आणि पोळ्या कोण करणार?” तुम्ही श्रीधरकडे बोट दाखवलंत. तो अजून करतो. तुमच्यापेक्षा चांगल्या करतो. लोक मला विचारतात, तुमचं दोघींचं पटायचं कसं. मी सांगते, पटायचं नाही. पण ज्या बाईने मला घरातून काढून उन्हात उभं केलं तिच्याशी भांडायला मला रोज सकाळी निघावंसं वाटायचं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असतात, “बरं, आता काम कर.”

करते. तुमची ओळ घेणार नाही, वरचीही घेणार नाही. उद्या आधी जागांवर दांडा लावीन, मग काय ते ठरवीन.

शुक्रवार, दुपार.

आज शुक्रवारच्या सुट्टीमुळे लूम बंद, आळीत शांतता आहे. सकाळचं लिहून टाकते.

गावात लवकर पोचले. इरफानभाई जेसीबीच्या सावलीत उभे होते, हिरूबाई विहिरीच्या कठड्यावर बसली होती, दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मी दोघांनाही सांगितलं की खुंट्यांना वेळ आहे, आणि इरफानभाईंच्या हातात दांडा दिला. मदतीला कुणी नव्हतं आणि त्यांना घाई होती. तुमची सरकवणी घेऊन आम्ही देवळाच्या चौथऱ्यावर गेलो. फरक बोटभर. तळ्याचा कोपरा, तसाच. मोरी, तशीच. मग देवाच्या शेडमध्ये गेलो. इरफानभाईंनी चपला बाहेर काढल्या, दांडा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “मॅडम, ये आप करो.” मी नमस्कार केला आणि डोक्यावर टेकवला.

तिथे फरक एका ट्रकच्या रुंदीएवढा. देव ज्या बाजूला नेला, त्याच बाजूला. पूर्णच्या पूर्ण.

ताई, मी तिथेच देवापुढे बसले. तुम्ही तो दगड धरला असता तर त्याने आपली चूक एकट्याने ठेवली नसती. संक्रांतीच्या वाणासारखी सगळ्यांना थोडी थोडी वाटली असती. चौथरा हातभर बिघडला असता, मोरी बिघडली असती, तळं बिघडलं असतं. पण बाकी तिघांना काहीच झालेलं नाही. सगळी चूक एकट्या देवाकडे आहे. म्हणजे तुम्ही त्याला काढून टाकला होतात. त्या आठवड्यातच काढला असणार, श्रीधरमार्फत कागद मागत होतात तेव्हा. भांडण मी केव्हाच जिंकले होते. तुम्ही फक्त मला कळवलं नाहीत.

“काय झाला गं?” हिरूबाई मागे येऊन उभी राहिली होती. “देव काय बोलला?”

“देव म्हणतो, मी हललोय.”

“ते तं सगल्या गावाला म्हायती हाय,” ती म्हणाली.

डोळे पुसले. शेडमध्ये धूप होता, त्याचंही असेल.

त्या तीन जागा तुमच्याच होत्या, त्यांच्यावर तुमची सरकवणी बसणारच. म्हणून तुम्ही कधी न घेतलेली एक जागा घेतली. जुन्या पाराचा दगडी कोपरा, नकाशात आहे. तिथे फरक वीतभरही नाही. जेमतेम का होईना, पण वितीहून जास्त अंतराने विहीर हिरूबाईकडे आहे, आणि आता ते कुणालाही दाखवता येईल. इरफानभाईंनी स्वतः आकडे बघितले, देवाकडे बघितलं, आणि म्हणाले, “ठीक है. दीवार थोडा पीछे.”

लॅपटॉप विहिरीच्या कठड्यावर ठेवला. तुमच्या ओळीपुढचा रकाना उघडला. जो तपासेल तो लिहील, म्हणाला होतात. त्या रकान्याला वीत चालत नाही, मीटर लागतात, म्हणून वितीचे मीटर करून लिहिले आणि फाइल पुन्हा उघडली. चौकट आली. ती यादी अचूकतेप्रमाणे लावते, हे मला तोवर माहीत नव्हतं. अख्ख्या देशाची ओळ खाली गेली होती. सर्वांत वर कुमुद भिवंडी.

ती निवडली. ‘पुन्हा विचारू नका’ अशी एक चौकोनी जागा खाली होती, ती रिकामीच ठेवली.

मग पहिल्या खुंटीच्या जागेवर गेलो. दांडा परत इरफानभाईंकडे होता, आणि तो एका बाजूला झुकला होता. “इरफानभाई,” मी ओरडले, “दांडा सीधा पकडो, शादी में नहीं खडे हो!” हिरूबाई हसली. ते सरळ उभे राहिले. मी खुंटी मारली.